नळाला चार दिवसांनी, तळ्याला रोज

सोलापूरला आईला फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला: "तिकडं रोज पाणी येतंय न्हवं?" येतं. अमेरिकेत ईरी सरोवराच्या काठी, टोलेडोत राहतो मी, आणि त्याच पाण्यातले सूक्ष्मजीव मोजून पोट भरतो.

सध्या घरात वाद पेटलाय तो भाच्यावरून. मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. झाला, आता त्याला तळ्यातल्या जिवांवर काम करायचंय. दाजी म्हणतात, "औषध कंपनीत क्यूसीला, माल तपासायला, चिकट. शेवाळ बघत बसून लग्न होतंय का?"

ऑगस्ट २०१४ मध्ये इथं जवळपास पाच लाख लोकांना सांगितलं गेलं, नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही नको. मॉमी नदीतून शेतांतल्या खताचं फॉस्फरस सरोवरात येतं, त्यावर मायक्रोसिस्टिस फोफावतं. नाव नीलहरित शैवाल, जात मात्र जिवाणूची. त्याचं विष उकळून मरत नाही. पाणी आटतं तेवढं ते उलट घट्ट होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम. तीन दिवस शहर बाटल्यांवर जगलं, तेव्हा कुठं आमच्यासारख्यांची किंमत कळली.

आणि उजनी? ११७ टीएमसीचं धरण. पुणे-पिंपरीचं सांडपाणी भीमेतून तिथंच येऊन थांबतं, वर काठच्या उसाचं खत. उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं. आपल्याकडं भांडण उजनी-सोलापूर समांतर जलवाहिनीचं, पाणी किती दिवसांआड याचं. ते खरंच आहे, चार दिवसांचा साठा भरणाऱ्या आईला मी काय शिकवणार? पण हिरवं दिसलं म्हणजे विष असतंच असं नाही. या जिवाणूचे काही वाण ते करतात, काही नाही, आणि नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच. ते सांगायला माणूस लागतो. त्याची जागा कुणी मागत नाही.

तरी दाजींचं सगळंच चूक नाही. आमच्याकडं एवढी मोजणी चालते, तरी ईरी दर उन्हाळ्यात हिरवं होतंच. शेतकऱ्याच्या खताला कोण हात लावणार? शिवाय संशोधनातल्या नोकऱ्या प्रकल्पापुरत्या. माझाही करार दर वर्षी नव्यानं.

परवा भाच्यानं सिद्धेश्वर तलावातलं बाटलीभर पाणी कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरून फोटो पाठवला. "मामा, हे गोळे कसले?" मी लांबलचक उत्तर लिहिलं. त्याखाली दाजींचा एका ओळीचा मेसेज आला: "तुला महिन्याला नक्की मिळतात किती?"