होरायझनबाहेरची तीन वर्षे

ब्रेक्झिटमुळे ब्रिटनमधील संशोधनाचे काहीच बिघडले नाही, असा दावा हिरिरीने पसरवला जातो. युरोपीय निधी थांबला तेव्हा सरकारने तेवढेच पैसे दिले, स्वित्झर्लंड युरोपीय संघाबाहेर राहूनही संशोधनात पुढे आहेच, आणि 1 जानेवारी 2024 पासून ब्रिटन ‘होरायझन युरोप’ या संघाच्या संशोधन-निधी योजनेत परतला, हे त्याचे तीन आधार.

पैशांची गोष्ट अर्धीच खरी आहे. ज्यांचे प्रस्ताव युरोपीय परीक्षणात निवडले गेले, पण योजनेतील सहयोगी देश (संघाबाहेरचा, पण पैसे भरून सहभागी होणारा) हा ब्रिटनचा दर्जा अधांतरी असल्याने ज्यांना अनुदान मिळू शकत नव्हते, त्यांना ब्रिटिश तिजोरीतून रक्कम देण्याची हमी 2021 च्या अखेरीस जाहीर झाली. मात्र 2022 मध्ये युरोपीय संशोधन परिषदेच्या ब्रिटनमधील विजेत्यांना संघातील किंवा सहयोगी देशातील संस्थेत जा, नाहीतर अनुदान सोडा, असे सांगण्यात आले. थोडेजण गेले, बहुतेकांनी अनुदान सोडले. शिवाय बहुदेशीय प्रकल्पाचे समन्वयकपद हमीच्या रकमेने मिळत नाही. ज्याच्या सहभागाचीच शाश्वती नाही, त्याच्या हाती पाच-सहा देशांच्या प्रकल्पाची सूत्रे कोण देईल?

स्वित्झर्लंडचे उदाहरण तर दावा करणाऱ्यांवरच उलटते. संघाशी एकूण संबंधांची घडी बसवणाऱ्या चौकट कराराची बोलणी मे 2021 मध्ये मोडल्यावर त्या देशालाही होरायझनचा सहयोगी दर्जा नाकारला गेला. ब्रिटनचा सहभाग डिसेंबर 2020 च्या व्यापार करारात तत्त्वतः मान्य होता. तो उत्तर आयर्लंडमधील व्यापार-नियमांच्या वादात अडकला आणि हा वाद मिटवणाऱ्या, फेब्रुवारी 2023 मधील विंडसर आराखड्यानंतरच वाट मोकळी झाली. दोन्हीकडे भांडण भलतेच होते, भुर्दंड मात्र संशोधकांना. (काहीजण सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेतील ब्रिटनच्या सहभागाचा दाखला देतात, पण सर्न ही युरोपीय संघाची संस्थाच नाही.)

राहिला ‘परतला’ हा शब्द. सदस्य असताना, 2007 ते 2013 या काळात, ब्रिटनने संघाच्या संशोधनासाठी अंदाजे 5.4 अब्ज युरो भरले आणि 8.8 अब्ज मिळवले. आता होरायझन आणि कोपर्निकस (संघाचा उपग्रहांद्वारे पृथ्वी-निरीक्षणाचा कार्यक्रम) यांसाठी वर्षाला सरासरी 2.6 अब्ज युरो भरायचे आहेत आणि मिळकत भरण्यापेक्षा फारच कमी झाली तर भरपाईची तरतूद आहे, परंतु योजनेची दिशा ठरवणाऱ्या समित्यांत ब्रिटनला मत नाही. युरॅटम या युरोपीय अणुऊर्जा समुदायाच्या संशोधन कार्यक्रमात तर तो परतलेलाच नाही. अणुसंमीलनाचे संशोधन स्वबळावर करण्याचा निर्णय 2023 मध्येच झाला.