बेवू माझा, बेल्ला लोकांचा

चैत्र कडू-गोड असतो असं जो म्हणतो, त्याची शुगर नॉर्मल असणार. माझी माघात वाढलेली निघाली. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत गूळ, साखर, मध, आंबा अशी वजाबाकी वाचून दाखवली आणि जाता जाता म्हणाले, ‘सणासुदीला तेवढं जपा.’ मी मान डोलावून घरी आलो. तिथंच पंचांग मागून घ्यायला हवं होतं.

आम्ही बेळगावात टिळकवाडीला राहतो. कंपाऊंडच्या अलीकडं गुढी, पलीकडं युगादी. शालिवाहन शक दोघांचं एकच आणि महिना दोघांचाही अमावस्येला संपणारा, त्यामुळं तिथीवरून वाद नाही. सीमेचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, पण पाडवा कुणाचा यावरून कुणी कोर्टात गेल्याचं ऐकलं नाही. एकाच दिवशी दोन नवी वर्षं सुरू होतात आणि दोन्हीकडून वाट्या येतात.

यंदा १९ मार्चला शके १९४८ लागलं. संवत्सराचं नाव ‘पराभव’. साठ नावांत ‘आनंद’ आहे, ‘शुभकृत्’ आहे, पण माझ्या पथ्याच्या पहिल्या वर्षाला हेच यायचं होतं. सकाळी आमच्या सौभाग्यवतींनी संवत्सरफल मोठ्यानं वाचायला घेतलं. नाव ऐकल्यावर मी पुढचं ऐकलं नाही.

गुढीला साखरेची माळ बांधायचं काम माझ्याकडं होतं. मांजराला दुधाच्या राखणीला बसवण्यातलाच प्रकार. माळेतलं एक पदक आधीच तुटलेलं होतं, हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे.

मग प्रसाद. कडुनिंबाची फुलं, कोवळी पानं, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, जिरं, ओवा, हिंग, चिंच, मीठ आणि गूळ असं सगळं वाटून त्याचा गोळा करायचा ही आमची रीत. घरातल्या सगळ्यांच्या तळहातावर बोराएवढी गोळी पडली. माझ्या हातावर लिंबाएवढा गोळा आला, गडद हिरवा, वर एक जिरं चिकटलेलं.

‘तुमचं वेगळं वाटलंय. बिनगुळाचं.’

‘एवढं?’

‘खाऊन सोडा की. काय होत नाही.’

तोंडात टाकल्यावर पहिल्यांदा हिंग लागतं, माणूस फसतो. मग डाळ लागते, धीर येतो. तेवढ्यात एक पान डाळीतून सुटून जिभेच्या मुळाशी जाऊन बसतं आणि त्यानंतर चहा, पाणी, शिव्या, कशानंही ते उठत नाही. समोर नात गोळी चोखत होती. तिच्या गोळीतला गूळ हाताला लागला होता आणि ती बोटं चाटत होती. मी दुसरीकडं बघितलं.

साडेनऊला शेजारच्या अक्का आल्या. हातात स्टीलचा मोठा तांब्या. आपल्याकडं बेवू-बेल्ला म्हटलं की लोकांना वाटतं कडुनिंब आणि गूळ, संपलं. पण बेळगाव, धारवाड, बागलकोट या पट्ट्यात बेवू प्यायचं असतं. पाण्यात गूळ, चिंच, किसलेली कैरी, फुटाण्याच्या डाळीचं पीठ, खोबरं, मनुका, काजू आणि त्यात निंबाची दोन-चार फुलं, हजेरीपुरती. आमच्या गोळ्यात गूळ शोधावा लागतो, त्यांच्या पेल्यात निंब.

‘तगोरी भाऊजी, तगोरी. वर्साचा दिवस.’

मी पेला ओठाला लावला, अगदी लावलाच होता, एवढ्यात मागून आवाज आला, ‘त्यांना शुगर आहे की हो, अक्का!’

अक्कांनी पेला माझ्या हातातून काढून घेतला. चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्याचं दिसत होतं. त्या तडक घरी गेल्या. मला वाटलं, माणुसकी जिंकणार. परत आल्या त्या बशी घेऊन, आणि बशीत नुसती निंबाची फुलं, मूठभर.

‘मग निस्तं बेवू खावा. शुगरला लई चांगलं असतंय.’

कानडी आणि मराठी माणसांचं इतक्या पटकन एकमत झालेलं मी इथं साठ वर्षांत बघितलं नव्हतं.

पाडवा एका दिवसाचा असतो म्हणून सहन होतो. खरी परीक्षा तृतीयेला सुरू झाली. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत उठत नाही. माहेरी आलेल्या लेकीनं एवढं राहावंच, माझं काही म्हणणं नाही. पण या महिनाभरात गल्लीतल्या प्रत्येक घरी हळदीकुंकू. हिला रोज संध्याकाळी कुठं ना कुठं जायचं, आणि येताना डबा. त्यात आंबेडाळ, करंजी, कलिंगडाची फोड. ‘तुमच्यासाठी’ म्हणून वेगळी पुडी, भिजवलेल्या हरभऱ्यांची. महिनाभरात मी इतके हरभरे खाल्ले की मला कुणी टांग्याला जुंपलं असतं तरी मी चाललो असतो.

आंबेडाळीचं तर गाऱ्हाणंच आहे. कैरी आणि डाळ, वर मोहरीची खमंग फोडणी, सुकी मिरची. यात पथ्याविरुद्ध काय आहे? तर ‘चिमूटभर साखर असते.’ ती चिमूट कुणाच्या हाताची, यावर आमचं भांडण झालं. रामनवमीला पुन्हा तेच. दुपारी बाराला जन्म झाला, देवळात सुंठवडा मिळाला. सुंठेचा आहे म्हणून घेतला, तर त्यात साखर. अक्कांकडं गेलो तर पानक. सुंठ-मिरीमुळं नाकात जाणारा वास आणि तळाशी गूळ. सोबतची मुगाची कोसंबरी मात्र मला वाटीभर मिळाली. इतकी निर्मळ वस्तू या महिन्यात दुसरी नाही. पौर्णिमेला जोतिबाला दवणा वाहून आलेल्या चुलतभावानं गुलाल लावला आणि येताना कुंद्याचा डबाही आणला. कुंदा बेळगावचा, बेळगावातच राहणाऱ्या मला बेळगावातून विकत घेऊन आणला. उघडायच्या आत तो फडताळाच्या वरच्या कप्प्यात गेला. माझा गुडघा दुखतो हे तिला माहीत आहे.

आमच्या घरचं हळदीकुंकू शेवटच्या आठवड्यात होतं. अशा वेळी घरातल्या पुरुषाचं काम म्हणजे खुर्च्या सरकवणं, गौरीपुढच्या कलिंगडाचं कमळ कापणं आणि बायका आल्या की अदृश्य होणं. मी स्वयंपाकघरात अदृश्य झालो. तिथं पन्ह्याचं पातेलं होतं. उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, वेलची, वर दोन-तीन केशराच्या काड्या तरंगत. बाहेर वळीव कोसळायला लागला, पत्र्यावर गारा वाजत होत्या, बाहेरच्या खोलीत अक्का कानडीत आरती म्हणत होत्या. एवढ्या आवाजात एका पळीचा आवाज कुणाला ऐकू येणार?

पहिली पळी मी चव बघायला घेतली. मीठ बरोबर आहे का, हे घरच्या माणसानं बघायला नको का. दुसरी, पहिली नीट कळली नाही म्हणून. तिसऱ्या पळीला निंबाचं ते पाडव्याचं पान जिभेच्या मुळाशी अखेर हललं.

‘आज्जी, आज्जा पन्हं पिऊलालेत!’

दारात नात. हातात करंजी. आरती तिथंच थांबली.

अक्षय्य तृतीयेला गौर गेली. हापूसच्या पेट्या घरोघरी आल्या आणि मी रक्त द्यायला गेलो. आता नुसत्या उपाशीपोटीच्या तपासणीवर भागत नाही. गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एक तपासणी असते. तिच्यापुढं चित्रगुप्त म्हणजे शिकाऊ कारकून. साखरमाळेचं पदक, पन्ह्याच्या तीन पळ्या, शिवाय होळीच्या पुरणपोळ्या, ज्यांचा मी इथं मुद्दामच उल्लेख केला नव्हता, सगळं एका आकड्यात.

डॉक्टर बराच वेळ कागद बघत राहिले.

‘कडू काही खाता की नाही?’

‘खातो की,’ मी म्हटलं. ‘दोन्ही भाषांत.’