नवा लॉट, जुना आयएसआय

पीटीचं, म्हणजे रक्त गोठायला किती सेकंद लागतात त्या चाचणीचं, नवं रिएजंट (रसायन) घ्यायचंय? मग डीलरच्या माणसाला पहिला प्रश्न विचारा: दहा डब्यांवर किती फुकट? त्यातलं रक्त गोठवणारं थ्रोम्बोप्लास्टिन सशाच्या मेंदूचं की रिकॉम्बिनंट (जनुकतंत्राने बनवलेलं), असलं काही विचारून त्याला अडचणीत आणू नका. बिचारा कॅलेंडर घेऊन आलाय.

डब्यात बारीक अक्षरांचा एक कागद निघेल. त्याची घडी सेंट्रिफ्यूजच्या हलत्या पायाखाली अगदी नेमकी बसते. त्या कागदावर त्या लॉटचा आयएसआय, म्हणजे रिएजंट किती संवेदनशील आहे त्याचा आकडा, असतो, तोही मशीनप्रमाणे वेगळा. आपल्या मशीनमध्ये मागच्या दिवाळीत भरलेला १.८ आहे ना? राहू द्या. नव्या लॉटचा १.० असला म्हणून काय झालं? समजा, पेशंटचा पीटी २४ सेकंद आणि नॉर्मल १२. गुणोत्तर २. त्यावर आयएसआयने (गणितातला) घात केला की आयएनआर, म्हणजे सगळ्या लॅबमध्ये सारखा यावा असा प्रमाणित आकडा, मिळतो: १.० ने केला तर २.०, १.८ ने केला तर ३.५. पेशंटला मायट्रलची कृत्रिम झडप असेल, तर डॉक्टर ३.५ बघून निश्चिंत होतील, रक्त गोठू न देणारी वॉरफरिनची गोळी वाढवणार नाहीत. झडपेवर गुठळी धरली तर ती कार्डिऑलॉजीची केस, आपली नव्हे.

आता ते ‘नॉर्मल १२’. नियमाने नव्या लॉटवर निदान २० निरोगी माणसांचे पीटी लावून त्यांची भूमितीय सरासरी काढायची असते. पण भूमितीशी आपला संबंध दहावीतच संपला. शिवाय एवढी निरोगी माणसं लॅबमध्ये येतात कशाला? बारा लिहा.

जुन्या-नव्या लॉटवर तेच नमुने शेजारी-शेजारी लावून बघा, असंही कुणी सुचवेल. त्यावर घरचाच उपाय आहे: जुनी बरणी संपल्याशिवाय नवं लोणचं काढायचं नाही. जुना लॉट शेवटच्या थेंबापर्यंत वापरा, तुलनेचा प्रश्नच मिटला. अ‍ॅबनॉर्मल कंट्रोल, म्हणजे पीटी लांबलेला आहे हे आधीच माहीत असलेला पडताळणीचा नमुना, तर आणूच नका. महाग असतो, आणि उगाच काहीतरी चुकलेलं दाखवतो. निळ्या झाकणाची ट्यूब अर्धीच भरून आली तरी चालवून घ्या. रक्त गोठू न देणारं सायट्रेट एक भाग आणि रक्त नऊ भाग असं प्रमाण पडावं लागतं हे तिला कुठे वाचता येतंय?

एवढं करूनही डॉक्टरांचा फोन आला, की गोळी तीच असून आयएनआर एकदम चढला कसा, तर बेधडक सांगा, “पेशंटने पालक खाल्ला असेल.” पालकाने आयएनआर उतरतो, हे त्यांना फोन ठेवेपर्यंत आठवलं नाही म्हणजे मिळवली.