मुत्तकींच्या पत्रकार परिषदेचा वाद, मेलबर्नहून

१० ऑक्टोबर २०२५ ला तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी यांनी दिल्लीत पत्रकार परिषद घेतली, त्यात एकही महिला पत्रकार नव्हती, आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसती जुंपली. काका म्हणे पाकिस्तानला शह द्यायचा तर काबूलशी बोलावंच लागणार, वहिनी म्हणे आपल्याच राजधानीत आपल्याच बायकांना बाहेर ठेवतात म्हणजे काय. १२ तारखेला दुसरी परिषद झाली, महिला पत्रकार पुढच्या रांगेत बसल्या, ग्रुपवरचा विषय संपला. मला दोघांचंही पटतं खरंतर, पण एवढ्या भांडणात अफगाण बायकांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही ह्याचं फार वाईट वाटलं.

इथे मेलबर्नच्या डँडेनाँग भागात थॉमस स्ट्रीटवर अफगाण बाजार आहे, तिथल्या काही जणी शिवण-भरतकामाला जमतात आणि मीही जाते. बहुतेक जणी २०२१ ला तालिबान सत्तेवर आल्यानंतर आलेल्या. एक बाई काबूलला गणित शिकवायच्या. त्यांची आई तिकडे वारली आणि ह्यांनी दफन फोनवर बघितलं. पुढच्या वेळी सगळ्यांनी मिळून हलवा केला, कुणी समजूत घालायला गेलं नाही, त्या पोटभर रडल्या आणि मग आईच्या ओढणीवरची नक्षी आठवून आठवून कापडावर काढायला बसल्या, टाका चुकला की शेजारची उसवून द्यायची. आता ती नक्षी तिथे चौघी-पाचजणी भरतात. आपल्याकडे जात्यावर बसून बायका ओव्यांमधून मन मोकळं करायच्या ना, अगदी तसंच वाटतं मला तिथे.

३० जानेवारी २०२५ ला इथल्या जंक्शन ओव्हल मैदानावर अफगाण मुलींची क्रिकेट मॅच होती. २०२० मध्ये तिकडच्या बोर्डाने २५ जणींना कॉन्ट्रॅक्ट दिलं होतं, वर्षभरात त्यातल्या बहुतेकींना देश सोडावा लागला, आणि त्यानंतर टीम म्हणून ही पहिलीच मॅच. गणिताच्या बाई घसा बसेपर्यंत ओरडल्या. तिकडे २०२४ पासून कायदाच आहे की बाईचा आवाज चारचौघांत ऐकू येता कामा नये!

म्हणून माझं म्हणणं एवढंच की बोला तालिबानशी, पण त्याच टेबलावर ह्या मुलींचंही बोला. पुण्यात कितीतरी अफगाण विद्यार्थी शिकून गेलेत, आपल्यातल्या अनेकांच्या वर्गात होते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आपण आधी दिलेले व्हिसा रद्द केले आणि ॲडमिशन झालेली पोरं-पोरी तिकडेच अडकली, ऑनलाइन स्कॉलरशिप दिल्या हे चांगलंच केलं, पण २०२२ च्या डिसेंबरपासून तिकडे मुलींना युनिव्हर्सिटीचं दारच बंद आहे आणि शिकायला परदेशी निघालेल्या मुलींना विमानतळावरून परत पाठवलंय. काबूलमध्ये आपला दूतावास ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालाय, तर आपण त्यांना हे सांगू शकतो की शिकायला निघालेल्या मुलींना अडवू नका. ते होईल तेव्हा होईल, तोवर इराण-पाकिस्तानात अडकलेल्या मुलींना व्हिसा आणि हॉस्टेलची सोय द्या, आणि दिल्लीत आधीच राहणाऱ्या अफगाण मुलींच्या फीपासून सुरुवात करा, त्याला तर तालिबानची परवानगीही लागत नाही.