लाईट आहे, मग माग का बंद?

सोलापूरचा पोरगा इंजिनिअर झाला की गल्ली अभिनंदन करत नाही. 'पुण्याला कधी?' एवढंच विचारते. सोमवारी पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पाठीवर लॅपटॉप, हातात शेंगा चटणीचा डबा आणि पिशवीत कडक भाकऱ्यांची चळत घेऊन निम्मं सोलापूर पुण्याला कोड लिहायला जातं, ही रीतच आहे. मी 'घरून काम करता येईल अशी नोकरी बघतोय' म्हणालो, तेव्हा समोरचे काका माझ्याशी बोललेच नाहीत. माझ्या वडिलांकडे, आप्पांकडे वळून म्हणाले, "म्हणजे घरी बसणार."

शोधाची सुरुवात पूर्णविरामापासून झाली. रोज सकाळी जॉब पोर्टलवर जायचं, बायोडेटातला एक पूर्णविराम काढायचा आणि सेव्ह करायचं. दुसऱ्या दिवशी तोच पूर्णविराम परत टाकायचा. 'आज अपडेट केलं' असं दिसलं की रिक्रूटरच्या यादीत आपण वर येतो, अशी इंजिनिअर लोकांची श्रद्धा आहे. त्याच वेळी आप्पा सिद्धेश्वराला जाऊन येत. दोघांचंही नित्यनेमानं चाललं होतं आणि अनुभवही साधारण सारखाच येत होता.

जाहिराती वाचाव्यात तर 'फ्रेशर पाहिजे, अनुभव तीन वर्षं'. हे दुखणं आपल्याकडचंच आहे असं समजून मी खचलो होतो. मग कळलं की फास्टएपीआय नावाचं प्रोग्रॅम लिहायचं जे साधन जगभर वापरतात, ते तयार करणाऱ्या सेबास्तियान रामिरेझनं २०२० साली अशीच एक जाहिरात पाहिली होती. तिच्यात फास्टएपीआयचा चार वर्षांचा अनुभव मागितला होता. त्यानं ते तयार करूनच दीड वर्ष झालं होतं! बापालाच पोराच्या वयाचा दाखला कमी पडला, तिथं सोलापूरच्या आम्हा फ्रेशर लोकांचं काय घेऊन बसलात?

अखेर एका कंपनीनं ऑनलाइन इंटरव्ह्यूला बोलावलं. वेळ दुपारची. इथं आमच्या घराचा भूगोल सांगायला हवा. आम्ही पूर्व भागात राहतो आणि आमच्या भिंतीला भिंत लावून अण्णांचा यंत्रमागाचा कारखाना आहे. खटाक-खट, खटाक-खट हे आम्हाला ऐकूच येत नाही, इतकं ते अंगवळणी पडलंय. पण आधीच्या फोनवर एका एचआर बाईंनी विचारलं होतं, "आर यू इन अ ट्रेन?" म्हणून आप्पांनी अण्णांना गाठलं. अण्णा तेलुगू-मराठीच्या मिश्रणात म्हणाले, "पोराच्या नोकरीचा सवाल हाय, तासभर बंद ठेवतो की." आणि खरंच सगळे माग बंद केले. एका तासाची चादर कमी विणली जाणार, हा हिशेब त्यांनी बोलूनही दाखवला नाही.

इंटरव्ह्यू झकास सुरू झाला. समोरच्या साहेबांनी लिंक्ड लिस्ट, म्हणजे पुढच्याचा पत्ता (पॉइंटर) धरून उभी असलेली माहितीची रांग, उलटी करायला सांगितली. ही लिस्ट उलटी करणं म्हणजे इंटरव्ह्यूतलं अथर्वशीर्ष, झोपेतसुद्धा म्हणता आलं पाहिजे. मी म्हणू लागलो. बाहेर मात्र निराळंच सुरू झालं होतं. भरदुपारी अण्णांचे माग थांबले की गल्लीला पहिली शंका लाईटची. कुणीतरी घरात बटण दाबून बघितलं. लाईट होती. लाईट आहे आणि तरी माग बंद, म्हणजे मग एकच कारण उरतं. माणसं आपापल्या दारातून बाहेर आली. बघतात तर आमचं दार लावलेलं, पायरीवर आप्पा एकटेच बसलेले आणि कुणी बोलायला लागलं की ओठांवर बोट ठेवणारे. खांद्यावरचा टॉवेल सावरत एकानं हलक्या आवाजात विचारलं, "कोण हो?"

आप्पा आत हात दाखवून म्हणाले, "पोरगा."

पुढचं मी खिडकीतून ऐकलं. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या आजींनी हंबरडा फोडला, "अगं बाई गंऽऽ, काल तर नळाला दिसला होता!" त्यावर अक्कांनी तेलुगूत सूर धरला. साहेब थांबले. "इज एव्हरीथिंग ऑल राइट? आपण नंतर करू या का?" मी घाम पुसत म्हणालो, "नो सर, प्लीज कंटिन्यू." शोकसभा पाठीशी घेऊन शांतपणे पॉइंटर हलवणारा उमेदवार त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा. पुढचा प्रश्न फारच सोपा आला. त्याचं श्रेय मी माझ्या अभ्यासाला देतो, आजी स्वतःकडे घेतात.

नंतरच्या फेरीत दहा कोटी लोक एकाच वेळी व्हिडिओ बघतील अशी यंत्रणा पाऊण तासात आखायची होती. मी कॅशे, लोड बॅलन्सर, डेटाबेसचे तुकडे असं सगळं फळ्यावर मांडलं. नोकरी लागली. पहिलं काम काय आलं? एका रिपोर्टमधली तारीख. अमेरिकेतला ग्राहक आधी महिना लिहितो, आपण आधी दिवस लिहितो. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, यावर तीन टाइमझोनमधल्या माणसांच्या बैठका झाल्या. दहा कोटी प्रेक्षक अजून यायचे आहेत.

पगाराचंही तसंच. ऑफर लेटरवरचा आकडा आत्यानं आमच्या सगळ्या भावकीत पोचवला. त्या आकड्यात कंपनीनं भरायचा बेसिकच्या १२ टक्के पीएफ धरलेला असतो, पाच वर्षं टिकलो तर मिळणारी ग्रॅच्युइटी धरलेली असते आणि मिळाला तर मिळाला असा व्हेरिएबलही असतो. पहिला पगार खात्यात आला तेव्हा आप्पा मोबाइल डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "उरलेला कधी टाकणार म्हणे?" स्थळं अजून आत्याचाच आकडा धरून येतात.

मिळवण्यापेक्षा टिकवणं अवघड, आणि सोलापुरात राहून टिकवायची तर पाण्याशी गाठ आहे. रोज सकाळी आमची स्टँड-अप नावाची बैठक असते. नियमानं पंधरा मिनिटं. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, एवढंच बोलायचं. उजनी धरण काठोकाठ भरलं तरी आमच्या नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि ते येतं नेमकं स्टँड-अपला. "एनी ब्लॉकर्स?" असं मॅनेजर विचारतो आणि त्याच क्षणी आई ओरडते, "मोटार लाव बे, पाणी चाललंय!" एकदा माइक चालू राहिला. मॅनेजरनं गंभीरपणे लिहून घेतलं: 'वॉटर डिपेंडन्सी', म्हणजे काम पाण्यावर अडलंय. पुढचे काही दिवस तो रोज विचारायचा, ती डिपेंडन्सी सुटली का. मी म्हणायचो, महापालिकेच्या टीमकडे आहे.

जानेवारी २०२३ मध्ये गूगलनं बारा हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा इकडे सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरली होती. पाळण्याच्या रांगेत भेटलेला प्रत्येक नातेवाईक विचारायचा, "तुझं काय?" जणू पुढचा नंबर माझाच. आप्पांचं आयुष्य गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचा मुकादम, म्हणून गेलं. त्यांना नोकरी जाण्याचं नवल नाही, पद्धतीचं आहे. "आमच्यात फाटकावर नोटीस तरी लावायचे. तुमच्यात सकाळी पासवर्डच चालत नाही म्हणे?" तेव्हापासून मी लॉगिन झालो की ते स्वयंपाकघरात आवाज देतात, "उघडलं गं!" मग आई चहा टाकते.

शिवाय आता कोड लिहिणारी एआय आलीय. तिची अण्णांना भारी उत्सुकता. त्यांच्याकडे अजून जुन्या जकार्डचे माग आहेत. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वर फिरते. जिथं भोक तिथला उभा धागा उचलला जातो, जिथं नाही तिथला खालीच राहतो, आणि त्यातून चादरीवर मोर उतरतो. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जकार्डनं हे बसवलं. भोकांच्या पत्त्यांची तीच कल्पना पुढं हॉलरिथच्या मोजणी यंत्रात, म्हणजे संगणकाच्या आजोबात, आली आणि १८९० ची अमेरिकेची शिरगणती तिच्यावर मोजली गेली. हे सांगून मी एकदा अण्णांवर छाप पाडायला गेलो, की तुमचा आणि माझा धंदा एकाच घराण्यातला.

"मग बरं झालं," म्हणत त्यांनी एक चादर माझ्यासमोर पसरली. मोराच्या मानेत ठरावीक अंतरावर एक पांढरा धागा चुकीचा वर येत होता. "मोर बिघडलाय. शोध बे कुठल्या पुठ्ठ्यात चूक हाय."

मी लॅपटॉप आणला, चादरीचा फोटो काढला, एआयला विचारलं. तिनं प्रश्न फारच सुंदर आहे असं सांगून भारतीय वस्त्रकलेत मोराचं महत्त्व विशद केलं. मग मी पुठ्ठे मधोमध वाटून अर्ध्या-अर्ध्या भागात शोधायची आमची शास्त्रशुद्ध रीत अण्णांना समजावू लागलो. ते हूं हूं करत माळेवरून बोटं फिरवत होते. एका पुठ्ठ्यावर बोट थांबलं. बुजवायचं राहिलेलं एक जादा भोक होतं. त्यांनी त्यावर कागदाचा तुकडा चिकटवला, माग सुरू केला आणि त्या खटाक-खटच्या वर आवाज चढवून विचारलं,

"किती देतात म्हणालास तुला?"

मी आत्याचा आकडा सांगितला.