केसांची गोळी हेही औषधच आहे

सकाळी शाळेच्या ग्रुपवर एका मित्राने रिपोर्टचा फोटो टाकला. वय 53, पीएसए (प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा कॅन्सर हेरायला करतात ती रक्ततपासणी) 2.9. खाली लिहिलेलं, 'सगळं नॉर्मल, पार्टी!' मी त्याला वेगळा मेसेज करून विचारलं, कुठली गोळी चालू आहे का? म्हणाला, 'छे रे. केसांची तेवढी घेतो, चार वर्षं झाली.' तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

केसांची तेवढी! अरे, ती फिनास्टेराइड. आण्णांना प्रोस्टेट वाढल्यावर दिली होती तीच. त्यांची 5 मिलिग्रॅमची, याची 1 ची, एवढाच फरक. ही गोळी टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी, म्हणजे केस गाळणारं आणि प्रोस्टेट वाढवणारं हार्मोन, होऊ देत नाही. म्हणून केस टिकतात, आणि म्हणूनच प्रोस्टेट आकसतं. त्याबरोबर रक्तातला पीएसएही सहा महिने ते वर्षभरात साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे कागदावरच्या 2.9 ला जवळपास 5.8 समजायचं, आणि नॉर्मल धरतात ते साधारण चारपर्यंतच. याच जातीच्या ड्युटास्टेराइड गोळीचंही तसंच. औषधाच्या माहितीपत्रकात हे छापलेलं असतं, पण ते वाचतो कोण?

मीही वाचलं नव्हतं. आण्णा रात्री पाच-पाच वेळा उठायचे, गोळीने ते थांबलं, आम्ही खूश. वर्षभराने पीएसए 1.2. मग 1.8, मग 2.5, मग 3.3. दरवर्षी रिपोर्ट मीच आणायचो आणि दारातूनच सांगायचो, 'चारच्या आत आहे, आण्णा.' कुठलाच आकडा जाड ठशात नसायचा ना! लॅबवाल्यांनी दरवेळी विचारलं, उपाशीपोटी आलात का? गोळ्या कुठल्या चालू आहेत, हे एकदाही नाही. केमिस्ट जुन्याच चिठ्ठीवर पाकिटं देत राहिला. फॉर्मवर एक ओळ वाढवायला काय जातं यांचं? हजारोंची पॅकेजं विकता, एक प्रश्न विचारता येत नाही?

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी चारही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी मांडले. म्हणाले, या गोळीवर पीएसए खाली येऊन तिथेच राहायला हवा, हा तर चढतोय. चारच्या आत असला तरी चढणं महत्त्वाचं. बायोप्सी झाली. कॅन्सर निघाला.

गोळी वाईट नाही, हे मान्य. तिनेच आण्णांना झोप दिली. अमेरिकेत 2003 साली जवळपास 19 हजार पुरुषांवरचा अभ्यास आला, त्यात ही गोळी घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर सुमारे पाव हिश्शाने कमीच निघाला. पीएसए नुसत्या जंतुसंसर्गानेही वाढतो, तेही खरं. असेल. पण माझ्या घरात काय झालं ते मी पाहिलंय.

मघाशी मित्राचा फोन आला. आवाज पार उतरलेला. उगाच घाबरवलं की काय, असं वाटून गेलं. त्याला म्हटलं, अरे, काही नसेलही. गोळी मनाने बंद करू नकोस. जुने रिपोर्ट शोध, सोमवारी युरॉलॉजिस्टकडे जाऊ, मी येतो. आत गेल्यावर आधी गोळीचं नाव सांगायचं.

आण्णा आतल्या खोलीत झोपलेत. रेडिएशनने फार थकतात. 'तू तर चारच्या आत आहे म्हणायचास,' असं त्यांनी मला अजून एकदाही म्हटलेलं नाही.