‘कोणतीही भाजी कापा, वाळवा, चिप्स तयार’: फिरणाऱ्या कृतीचा मुद्देसूद प्रतिवाद

भाज्यांच्या घरगुती चिप्सची एक कृती सध्या सगळीकडे फिरते आहे. थोडक्यात ती अशी: कोणतीही भाजी पातळ कापा, मीठ लावून पाणी सुटू द्या, वाफवू नका, डीहायड्रेटर (गरम वाऱ्याने पदार्थ वाळवणारे यंत्र) किंवा ओव्हनमध्ये ८० अंशांवर चार तास ठेवा, यंत्र नसेल तर कडक ऊन पुरे. पाकिटातल्यासारखे कुरकुरीत चिप्स मिळतात, तेल नसल्यामुळे कॅलरी जवळजवळ नाहीत, जीवनसत्त्वे सगळी शाबूत राहतात आणि हवाबंद डब्यात ते वर्षभर टिकतात.

वाचताना सगळे पटते. पण ही कृती जशीच्या तशी केली की कडेने करपलेले आणि मधे वातड काप हाती येतात, आणि करणाऱ्याला वाटते आपलेच काहीतरी चुकले. चूक कृतीतच आहे. उष्णतेबद्दल तिच्यात भरपूर सांगितले आहे, पाण्याबद्दल जवळजवळ काहीच नाही. कुरकुरीतपणा मात्र ठरतो तो शेवटी उरलेल्या थोड्याशा पाण्यावर, आणि एकदा घालवलेले पाणी परत आत शिरू न देण्यावर.

‘८० अंशांवर चार तास’

आधी हिशेब मांडू. गाजरात सुमारे ८८ टक्के पाणी असते. म्हणजे सोलून कापलेल्या १ किलो गाजरात कोरडा ऐवज जेमतेम १२० ग्रॅम. चिप्स कुरकुरीत व्हायला पाणी ५ टक्क्यांच्या आसपास यावे लागते, तेव्हा वजन भरते साधारण १२६ ग्रॅम. पाणी १५ टक्के उरले असेल तर वजन १४१ ग्रॅम, आणि त्या अवस्थेतला काप दाताखाली चामड्यासारखा ओढला जातो. किलोभर गाजरातून ८६० ग्रॅम पाणी घालवूनही चिप्स फसलेलेच असतात. सगळा फरक शेवटच्या १५ ग्रॅमचा. हे शेवटचे पाणी सर्वांत हळू निघते. म्हणून घड्याळापेक्षा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर विश्वास ठेवावा. कापून झाल्यावर वजन लिहून ठेवा आणि गाजर, बीट यांच्या बाबतीत ते साधारण आठव्या भागावर येईपर्यंत थांबा. रताळ्यात पाणी कमी, सुमारे ७७ टक्के, म्हणून तिथे वजन चौथ्या भागावर आले की झाले. झुकिनीत (काकडीसारखी दिसणारी, भोपळ्याच्या कुळातली भाजी) पाणी ९५ टक्के. किलोला ५०–५५ ग्रॅमच हाती लागणार, हे आधीच धरून चाला.

तापमानाचे बघू. भाज्या वाळवायला ५२ ते ५७ अंश सेल्सियस योग्य. सुरुवातीचा तासभर ६५ अंश ठेवले तरी चालते, कारण कापाच्या पृष्ठभागावरून पाणी उडत असते आणि त्यामुळे काप स्वतः तेवढा तापत नाही. पृष्ठभाग कोरडा झाला की हे संरक्षण संपते. तेव्हाही ८० अंश चालू ठेवले तर गाजर-बीटातली साखर तपकिरी पडते, कडा कडू होतात आणि जाड मध्यभाग ओला राहतो. काप ४–५ मिलिमीटर जाड असतील तर वरचा थर आधी वाळून घट्ट होतो आणि आतले पाणी कोंडते. असे काप बाहेरून झालेले दिसतात आणि बरणीत दोन दिवसांत मऊ पडतात.

२ मिलिमीटर जाडीच्या गाजर-बीटाच्या चकत्यांना ५७ अंशांवर ६ ते १० तास लागतात. इतका मोठा पट्टा देण्याला कारण आहे: हवेतला दमटपणा, पंख्याचा जोर आणि ट्रेवर किती गर्दी केली आहे यावर ते ठरते. सुरीने एकसारख्या चकत्या पडत नाहीत, म्हणून स्लाइसर वापरा. एकाच ट्रेवर १ मिलिमीटर आणि ३ मिलिमीटर शेजारी पडले तर एक करपेपर्यंत दुसरा ओलाच राहतो. चकत्या एकमेकींवर येऊ देऊ नका, दर दोन तासांनी ट्रे वरखाली आणि पुढचेमागचे फिरवा, आणि अर्धा वेळ गेल्यावर चिकटलेल्या चकत्या सोडवून उलटा.

ओव्हनची अडचण वेगळी. बहुतेक ओव्हन ७५–८० अंशांच्या खाली स्थिर राहत नाहीत, शिवाय दार बंद असेल तर वाफ आतच फिरते. सर्वांत कमी तापमान, पंखा चालू, दार ४–५ सेंटिमीटर उघडे आणि आत वेगळा थर्मामीटर, अशी मांडणी करा. पत्र्याऐवजी जाळी वापरा. एअर फ्रायरमध्ये हलके काप उडून वर चिकटतात, त्यांच्यावर जाळी ठेवावीच लागते.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. गाजर, बीट, रताळे यांचे काप गरम असताना वाकतात. साखर उष्णतेने मऊ असते आणि गार झाल्यावर काचेसारखी कडक होते. गरम काप वाकतो म्हणून आणखी तीन तास वाळवून करपवणारे पुष्कळ आहेत. एक काप बाहेर काढा, तीन मिनिटे गार होऊ द्या आणि मग मोडा. ‘कट्’ असा आवाज होऊन मोडला तर झाले. वाकून मग तुटला तर अजून एक तास.

‘यंत्र नसेल तर कडक ऊन पुरे’

चिप्ससाठी पुरत नाही. काप हवेतल्या आर्द्रतेशी जुळेपर्यंतच वाळतो, त्यापुढे नाही. हवेची आर्द्रता साधारण ३५ ते ५० टक्क्यांच्या वर गेली की कुरकुरीत पदार्थ मऊ पडू लागतात. ऊन कितीही कडक असले तरी भोवतालची हवा ६० टक्के दमट असेल तर काप तिथेच अडतो. आणि यंत्र काय करते? ३० अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा ५७ अंशांपर्यंत तापवली की तिच्यातले पाणी तेवढेच राहते, पण आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. तीच हवा आता काप कोरडा करू शकते. उन्हात वाळवलेली भाजी आमटी-भाजीत भिजवून वापरायला उत्तम. तिला चिप्स म्हणू नये.

‘मीठ आधी लावा, पाणी सुटेल’

मिठाने पाणी सुटते हे खरे, पण पाण्याबरोबर साखर आणि चवही वाहून जाते, आणि मागे राहिलेले मीठ वाळताना एकवटते. १ किलो गाजराला १ चमचा, म्हणजे सुमारे ६ ग्रॅम मीठ भाजीत बरोबर लागते. तेच १२६ ग्रॅम चिप्समध्ये जवळजवळ ५ टक्के होते आणि तोंडात घालवत नाही. कच्च्या किलोला २ ग्रॅम, म्हणजे चमच्याचा तिसरा हिस्सा, पुरतो. मीठ मिक्सरमधून बारीक करून वाफवलेल्या ओलसर कापांना चोळा. मसाला धरायला हवा असेल तर अर्ध्या किलोला १ चमचा तेल हाताने लावा. त्याहून जास्त लावले तर काप हळू वाळतात आणि साठवणीत लवकर खवट होतात. फक्त झुकिनीला १५ मिनिटे मीठ लावून, धुऊन, दाबून टिपण्याने थोडा वेळ वाचतो.

‘वाफवू नका, कच्च्या भाजीतली सगळी जीवनसत्त्वे शाबूत राहतात’

राहत नाहीत. क जीवनसत्त्व उष्णता आणि हवा दोन्हींनी घटते. आठ तास गरम वाऱ्यात ठेवलेल्या कापात ते फार उरेल अशी आशाच धरू नये. कॅरोटीन उजेड आणि हवेने हळूहळू कमी होते. खनिजे आणि तंतू बऱ्यापैकी राहतात.

वाफवण्यामुळे थोडे क जीवनसत्त्व आणखी जाते, हे कबूल. पण त्या बदल्यात जे मिळते ते चिप्ससाठी कितीतरी मोलाचे. वाफेने भाजीतली विकरे (एन्झाइम) निष्क्रिय होतात, नाहीतर ती वाळतानाही रंग आणि वास बिघडवत राहतात; कच्चा बटाटा काळा पडतो तो याचमुळे. पेशींची आवरणे सैल झाल्याने पाणी लवकर निघते. बटाटा-रताळ्यातला स्टार्च शिजतो. तो न शिजवता वाळवला तर काप कुरकुरीत न होता खड्यासारखा कडक होतो. २ मिलिमीटर चकत्यांना वाफेवर गाजर २ मिनिटे, रताळे २ मिनिटे, बटाटा ३ मिनिटे, बीट ३ ते ४ मिनिटे. लगेच बर्फाच्या पाण्यात घाला, निथळा, कापडाने टिपा. टिपण्यात कंटाळा केला तर यंत्राचा पहिला तास नुसते वरचे पाणी उडवण्यात जातो. झुकिनी, टोमॅटो, मशरूम, कांदा यांना वाफवायची गरज नाही.

सुरक्षिततेचे कारणही आहे. ५५ अंशांच्या वाऱ्यात जिवाणू मरतीलच असे नाही; कोरडेपणामुळे ते फक्त वाढत नाहीत, आणि साल्मोनेलासारखे काही कोरड्या पदार्थातही तग धरतात. भाज्या नीट धुणे आणि वाफवणे हा भार हलका करतात.

‘कोणतीही भाजी’

नाही. गाजर, बीट, रताळे, झुकिनी, केलची (कोबीच्या कुळातली पालेभाजी) पाने हे जमते. टोमॅटोला चिकाटी लागते. काकडीचा कागद होतो. अख्खी भेंडी आणि फरसबी नुसती वाळवली तर लाकडासारखी होते.

‘पाकिटातल्यासारखेच’

ही तुलनाच चुकीची आहे. पाकिटातली अख्खी, फुगीर, आतून पोकळ भेंडी किंवा फरसबी बहुधा निर्वात तळणीतून आलेली असते: दाब इतका कमी ठेवतात की भाजीतले पाणी १०० अंशांच्या बरेच खाली उकळते, तेल १००–१२० अंशांवर असते, आणि पाणी झपाट्याने बाहेर पडताना भाजी सच्छिद्र होते. त्या पोकळ्यांत तेल राहते. पाकिटावर १०० ग्रॅममागे स्निग्धांश किती ते वाचा. काही पाकिटांतली भाजी गोठवून निर्वातात वाळवलेली असते. घरच्या गरम वाऱ्यात काप आक्रसतो, घट्ट होतो आणि चावा कडक लागतो. तो वाईट नसतो, वेगळा असतो.

त्या हलकेपणाच्या जवळ जायचा एक खरा उपाय आहे आणि या कृतीत त्याचा उल्लेखही नाही. वाफवून टिपलेले काप ट्रेवर सुटे पसरून रात्रभर फ्रीझरमध्ये कडक गोठवा आणि तसेच्या तसे यंत्रात ठेवा. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, पाणी लवकर निघते आणि कापात बारीक पोकळ्या राहतात. फरसबीला हा फरक सर्वांत जास्त जाणवतो: कच्ची वाळवलेली चघळावी लागते, वाफवून गोठवलेली दाताखाली मोडते. भेंडी मात्र उभी चिरून घ्या. वितळलेले पाणी ठिबकते, म्हणून खाली पत्रा ठेवा.

‘तेल नाही म्हणून कॅलरी नाहीत’

उडते ते पाणी, कॅलरी नव्हे. १०० ग्रॅम गाजरात सुमारे ४१ किलोकॅलरी असतात. किलोभर गाजराच्या १२६ ग्रॅम चिप्समध्ये ४१० आल्याच. बीटाच्या कुरकुरीत चिप्समध्ये वजनाच्या जवळपास निम्मी साखर असते. ती भाजीतलीच आहे हे खरे, पण एका बैठकीत किलोभर बीट कोणी खात नाही आणि १३० ग्रॅम चिप्स सहज संपतात. एका वेळी १५–२० ग्रॅम योग्य. बीट आणि पालकातले ऑक्झलेट (मूतखड्याला कारण ठरू शकणारे क्षार), तसेच भाज्यांतले पोटॅशियमही असेच एकवटते. मूतखडा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावेत. घाईत ओव्हन १२० अंशांच्या वर नेला तर बटाटा, रताळे, बीट यांत ॲक्रिलामाइड हे आरोग्याला घातक मानले जाणारे रसायन तयार होऊ लागते, आणि तपकिरी होईपर्यंत भाजले तर ते वाढत जाते.

‘वर्षभर टिकतात’

खाण्यालायक राहणे आणि कुरकुरीत राहणे यांत मोठा फरक आहे. नीट वाळलेल्या कापांवर बुरशी वाढत नाही, पण कुरकुरीतपणा दोन ते चार आठवडे धरा, आणि बरणी रोज उघडणार असाल तर त्याहून कमी. यंत्र बंद केल्यावर काप आत ठेवून विसरणे ही सर्रास होणारी चूक. गार होताना ते खोलीतला दमटपणा ओढून घेतात. १०–१५ मिनिटांत गार करा आणि लगेच घट्ट झाकणाच्या काचेच्या छोट्या बरण्यांत भरा. एक मोठा डबा दहा वेळा उघडण्यापेक्षा चार लहान बरण्या चांगल्या. खाद्यपदार्थांसाठीची सिलिका जेलची पुडी आत टाका, बरणी अंधारात ठेवा.

सादळलेले चिप्स टाकून देऊ नका. ६० अंशांवर अर्धा तास यंत्रात ठेवा, तीन मिनिटे गार करून मोडून पाहा. मात्र बरणीच्या काचेवर आतून दव दिसले तर काप अर्धवट वाळले होते असे समजा आणि त्याच दिवशी पुन्हा वाळवा. एका कापावरही बुरशी दिसली तर अख्खी बरणी टाका.